बॅरल स्पंज कसा पाहावा: एकाच प्राण्यापाशी दहा मिनिटं थांबू इच्छिणाऱ्या डायव्हरसाठी

रीफवरची डाइव्ह संपवून बोटीवर आलेल्या मंडळींची यादी ठरलेली असते. कासव दिसलं, लायनफिश दिसला, कोणाच्या नशिबात असेल तर शार्कही. पण हे सगळे ज्याच्या आजूबाजूनं पोहत गेले, त्या कमरेइतक्या उंच प्राण्याचं नाव सहसा कोणी घेत नाही. तो प्राणी आहे हेच पुष्कळांच्या गावी नसतं. जागचा हलत नाही, डोळे नाहीत, पोट नाही. मग रीफचाच एखादा दगड समजून लोक पुढे जातात. फार तर त्याच्यात कोणाला तरी उभं करून फोटो काढतात. त्या फोटोबद्दल पुढे बोलूच.

हा प्राणी म्हणजे बॅरल स्पंज. कॅरिबियन समुद्रात, फ्लोरिडा आणि बहामाजच्या पाण्यात दिसतो तो झेस्टोस्पाँजिया म्यूटा. तांबड्या समुद्रापासून इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत दिसतो तो त्याचा चुलतभाऊ, झेस्टोस्पाँजिया टेस्टुडिनेरिया. या लेखात मी मुख्यतः म्यूटाबद्दल लिहितोय, कारण त्याच्यावर फार चिकाटीनं काम झालंय. फ्लोरिडा कीजमधल्या काँक रीफवर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन शाखेतले संशोधक वर्षानुवर्षं त्याच त्या स्पंजांकडे परत जाऊन मोजमापं घेत आले आहेत. पाहण्याची पद्धत मात्र दोन्ही जातींना सारखीच लागू पडते.

पाण्यात उतरण्याआधी

म्यूटा साधारण १० मीटरच्या खाली भेटायला लागतो आणि १०० मीटरपलीकडेही सापडतो. म्हणजे स्नॉर्केलिंगचं हे काम नाही, आणि सुट्टीत केलेल्या 'ट्राय डाइव्ह'चंही नाही. निदान १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी देणारं ओपन वॉटर प्रमाणपत्र हवं. महाराष्ट्रात ते करायचं तर तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. मात्र मालवणच्या उथळ, बरेचदा गढूळ पाण्यात या स्पंजाची अपेक्षा धरू नका. तिथे हात बसवायचा. चुलतभावाला भेटायला अंदमानात स्वराज द्वीपच्या आसपासच्या डाइव्ह साइट्स किंवा बालीतलं तुलांबेन बरं. अमेरिकेत राहणाऱ्यांना की लार्गो, कोझुमेल किंवा बोनेर सोयीचं.

सामान फार लागत नाही. एक बऱ्यापैकी टॉर्च, पाण्यात लिहायची स्लेट, वाइड अँगलचा कॅमेरा. स्लेटच्या कडेवर सेंटिमीटरच्या खुणा आधीच करून ठेवा, मोजताना उपयोगी पडतात.

सगळ्यांत महत्त्वाची तयारी म्हणजे डाइव्ह मास्टरशी आधी बोलून घेणं. ग्रुप डाइव्ह म्हणजे धावती यात्रा असते. "मला एका स्पंजापाशी दहा मिनिटं थांबायचंय" असं पाण्याखाली हातवाऱ्यांनी समजावता येत नाही. बोटीवर सांगितलं तर बहुतेक डाइव्ह मास्टर डाइव्हच्या उत्तरार्धातला, १२ ते १५ मीटरवरचा एखादा स्पंज सुचवतात. तेवढ्या खोलीवर हवाही पुरते आणि नो-डेकोची, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येण्याची, वेळही हाताशी राहते. ३० मीटरवरचा महाकाय स्पंज दिसायला भव्य खरा, पण तिथे निवांतपणा मिळत नाही. पहिल्या वेळी मध्यम आकाराचाच निवडा.

जवळ कसं जायचं

प्रवाह कुठून कुठे वाहतोय ते आधी बघा. आसपासच्या सी-फॅनकडे, म्हणजे पंख्यासारख्या प्रवाळांकडे, पाहिलं की कळतं. मग स्पंजाच्या प्रवाहाखालच्या बाजूला जाऊन थांबा, म्हणजे तुमच्या फिनमुळे उडालेली वाळू त्याच्या अंगावर न जाता तुमच्या मागे निघून जाईल. हे केवळ शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये. स्पंजाचा सगळा संसार पाणी गाळण्यावर चालतो. गाळ अंगावर आला की त्याचा उपसा मंदावतो, आणि नेमकं जे पाहायला आलात तेच दिसेनासं होतं.

बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहण्याची हातोटी, पक्की नसेल तर हाताच्या अंतरापेक्षा जवळ जाऊ नका. स्पंज या शब्दानं अंघोळीचा मऊ स्पंज डोळ्यांसमोर येतो, पण बॅरल स्पंज कडक आणि ठिसूळ असतो. त्याच्या अंगात सिलिकाच्या, म्हणजे काचेच्याच जातीच्या, सूक्ष्म काड्या खच्चून भरलेल्या असतात. या कंटिका. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं सिलिका वेचून स्पंज त्या स्वतःच घडवतो. वरची कड एका लाथेनं तुटते. आत माणूस उभा करून काढलेल्या फोटोंबद्दलचा माझा राग इथून येतो: फोटो दोन सेकंदांचा, आणि तुटलेली कड भरून यायला लागणारा काळ त्या सुट्टीच्या हिशेबात बसत नाही.

हात न लावण्याचं दुसरं कारण तुमच्या फायद्याचं. कॅरिबियनमध्ये निओफिब्युलेरिया नोलिटँगेरे नावाचा एक तपकिरी स्पंज आहे. तोही मोठा होतो, त्यालाही वर रुंद तोंडं असतात, आणि घाईत तो बॅरल स्पंजच वाटू शकतो. स्पर्श झाला की जळजळ, सूज, पुरळ; दिवसेंदिवस त्रास देणारं. ओळख पक्की होईपर्यंत आणि झाल्यावरही हात आखडलेलेच बरे.

हाच तो, हे कसं ठरवायचं

तीन गोष्टी बघा. आकार, पृष्ठभाग आणि दिसणारा कडकपणा.

आकार बहुधा रांजणासारखा: खाली खडकाला घट्ट चिकटलेला बुंधा, मध्ये फुगीर, वर उघडं तोंड, आत खोल पोकळी. पण सगळेच असे सुबक नसतात. काही बसके, काही एका बाजूला कललेले, काहींना एका बुंध्यावर दोन-तीन तोंडं. कोवळे स्पंज तर नुसते गोळे दिसतात. त्यामुळे केवळ आकारावर विसंबलात तर फसाल.

पृष्ठभाग जास्त विश्वासाचा. म्यूटाचं बाह्यांग खडबडीत असतं. कुठे उभ्या कंगोऱ्यांचं, कुठे बोटांसारख्या उंचवट्यांचं. एकाच रीफवर गुळगुळीत अंगाचे, खरखरीत अंगाचे आणि पापुद्र्यांसारखे उंचवटे आलेले असे वेगवेगळे नमुने शेजारीशेजारी दिसतात. टेस्टुडिनेरियाचे उभे कंगोरे बहुतेकदा अधिक ठळक आणि पात्यासारखे पातळ असतात.

दिसायला जवळचे दोघं लक्षात ठेवा. व्हेरोंग्युला जायगँटिया हा कॅरिबियनमधलाच मोठा स्पंज, पण त्याच्या अंगावर जाळीदार कंगोरे असतात, रंग पिवळट किंवा शेवाळी आणि अंग मऊ. पाण्याच्या हेलकाव्यानं थोडंसं लवताना दिसलं तर तो म्यूटा नाही. जिओडिया नेपच्युनी चामड्यासारखा गुळगुळीत, उंचवटे जवळजवळ नसलेला.

एवढं करूनही जातीचं नाव छातीठोकपणे सांगता येईलच असं नाही. जनुकीय अभ्यासांतून असं दिसतंय की आपण ज्यांना म्यूटा आणि टेस्टुडिनेरिया म्हणतो त्या प्रत्येक नावाखाली डोळ्यांना वेगळ्या न ओळखू येणाऱ्या एकाहून अधिक जाती लपलेल्या असाव्यात. हौशी डायव्हरनं झेस्टोस्पाँजियापर्यंत पोचावं आणि थांबावं, असं माझं मत.

खरी गोष्ट: पाणी

आता दहा मिनिटांतली निम्मी इथे खर्च करा.

शाळेत रंध्रीय प्राण्यांच्या संघात ऑस्टिया, ऑस्क्युलम आणि कॉलर पेशी पाठ केलेल्या असतात. त्या वेळी ती नुसती आकृतीला नावं द्यायची बाब असते. इथे ती आकृती तुमच्यासमोर कमरेइतकी उंच उभी आहे.

बाहेरच्या भिंतीवर अगणित सूक्ष्म छिद्रं, म्हणजे ऑस्टिया, असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी तिथून आत शिरतं. मग फाटे फुटत अरुंद होत जाणाऱ्या नळ्यांतून ते लहान लहान गोल कप्प्यांपर्यंत पोचतं. कप्प्यांच्या भिंतींना कॉलर पेशींचं अस्तर. प्रत्येक पेशीची कशाभिका, म्हणजे चाबकासारखा बारीक धागा, अखंड हलत असते, आणि या अब्जावधी हालचालींवर सगळा उपसा चालतो. त्यांच्यात ताळमेळ राखणारं मज्जातंतूंचं जाळं नाही, पाणी ढकलणारं हृदय नाही. कशाभिकेभोवतीच्या बारीक धाग्यांच्या कॉलरमध्ये जिवाणूंएवढे कण अडकतात. गाळलेलं पाणी दुसऱ्या नळ्यांनी मधल्या पोकळीत येतं आणि वरच्या मोठ्या तोंडातून, म्हणजे ऑस्क्युलममधून, बाहेर पडतं. म्हणजे या तोंडातून काही आत जात नाही. तो बाहेरचा रस्ता आहे.

इथे एक सुंदर हिशेब दडलाय. प्रत्येक कप्पा सूक्ष्म, पण कप्पे इतके की त्यांचं एकूण क्षेत्रफळ वरच्या तोंडाच्या कितीतरी पट भरतं. तेवढंच पाणी मोठ्या क्षेत्रातून जाताना वेग पडतो. त्यामुळे कप्प्यांत पाणी रेंगाळतं, कण टिपायला पेशींना सवड मिळते. बाहेर पडताना मात्र सगळं पाणी एकाच वाटेनं जातं, वेग वाढतो आणि वापरलेलं पाणी स्पंजापासून दूर फेकलं जातं. वरून वाहणारा प्रवाहही मदत करतो. तळाशी पाणी संथ आणि थोडं वर वेगवान असतं. उंचावरच्या तोंडावरून वेगानं गेलेलं पाणी आतलं पाणी वर ओढून घेतं. प्रवाहात वाढणाऱ्या प्राण्याला उंच व्हायचा हा फायदा.

हे बघायचं कसं? संशोधक सिरिंजमधून फ्लुओरेसीन नावाचा चमकदार हिरवा रंग स्पंजाच्या बाहेरच्या भिंतीजवळ सोडतात. थोड्याच वेळात तो तोंडातून हिरव्या ढगासारखा वर येतो. तुम्ही मात्र कुठल्याही संरक्षित रीफवर पाण्यात काही सोडायचं नाही. टॉर्च पुरेसा आहे. तोंडाच्या पातळीच्या किंचित वर या, टॉर्च आडवा धरा आणि झोत तोंडाच्या वरून जाऊ द्या. मागे काळोखी बाजू असली तर उत्तम. पाण्यातले तरंगते कण उजळतील. आता एकाच कणावर नजर ठेवा. स्पंजापासून हातभर लांबचे कण आडवे वाहत जातात. तोंडावर आलेले कण उचलले जाऊन वर जातात आणि मग प्रवाहाबरोबर वळतात. रुंद तोंडाच्या स्पंजात ही उचल सौम्य असते, पहिल्या काही सेकंदांत जाणवणारही नाही. श्वास संथ ठेवा. तुमचे बुडबुडे कणांना उधळतात, म्हणून थोडं बाजूला राहून बघा. एकदा नजर बसली की मग ती उचल दिसायची थांबत नाही.

आत डोकावलात तर पोकळीच्या भिंतीवर लहान लहान भोकं दिसतील. नळ्यांतलं पाणी तिथून पोकळीत येतं. बाहेरच्या भिंतीवर असं एकही भोक डोळ्यांना दिसत नाही. आत येण्याच्या वाटा बारीक, बाहेर जाण्याच्या मोठ्या, हा फरक डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे.

स्पंज दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतात. एवढं करून खातो काय? काँक रीफवरच्या मोजमापांत असं दिसलं की म्यूटाला मिळणाऱ्या कार्बनपैकी सुमारे ७० टक्के पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांतून येतो. बाकीचा मृत कणांतून, आणि जिवंत सूक्ष्मजीवांचा वाटा सर्वांत लहान. ज्या स्वच्छ, निळ्या पाण्याला आपण 'रिकामं' समजतो त्यात त्याचं जेवण असतं, ते असं. अर्थात विरघळलेलं अन्न पचवण्यात त्याच्या अंगातल्या जिवाणूंचा मोठा हात असतो. म्यूटासारख्या स्पंजांत सूक्ष्मजीवांचं वजन प्राण्याच्या एकूण जैवभाराच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. एकट्या प्राण्यापेक्षा त्याला वस्ती म्हणणंच जास्त बरोबर.

जाता जाता: स्पंज 'शिंकतात'. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅरिबियनमधल्या अप्लिसिना आर्चेरी या नळीसारख्या स्पंजाचे टाइमलॅप्स व्हिडिओ घेतले तेव्हा, आत येण्याच्या छिद्रांतून चिकट द्रव उलट दिशेनं बाहेर येताना आणि अंग आकसून तो झटकला जाताना दिसला. एक शिंक अर्ध्या तासाच्या घरातली. तेव्हा तुमच्या डाइव्हमध्ये ती दिसेल या आशेवर राहू नका. पण स्पंजावर कुठे धाग्यासारखा चिकट थर दिसला तर लगेच आजार समजू नका, एवढं लक्षात असू द्या.

रंग: टॉर्च असताना आणि नसताना

१५ मीटरवर तांबडा प्रकाश जवळपास संपलेला असतो, त्यामुळे स्पंज मातकट, करडा दिसतो. टॉर्च मारा, तोच तांबूस तपकिरी होतो. हा रंग बाहेरच्या थरात राहणाऱ्या सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे उजेडावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंचा. त्यांना उजेड लागतो म्हणून ते वरवरच्या थरात. पोकळीच्या आत किंवा खालच्या सावलीत बघितलंत तर स्पंज फिकट, मलईच्या रंगाचा दिसतो. तो त्याचा मूळ रंग.

आता पांढरे पडलेले स्पंज. इथे बहुतेक डायव्हर गडबडतात, कारण प्रवाळ पांढरं पडणं म्हणजे संकट हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बॅरल स्पंजात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिलीत अंगावर फिकट, ठिपकेदार पट्टे उमटतात; सायनोबॅक्टेरिया कमी होतात, पण अंग शाबूत असतं, कंगोरे धारदार असतात. काही काळानं रंग परत येतो. फ्लोरिडात अशा स्पंजांचा पाठपुरावा केला तेव्हा त्यांच्या वाढीवर फारसा परिणाम आढळला नाही. प्रवाळ आपल्या शैवालांवर जेवढं अवलंबून असतं तेवढा हा स्पंज सायनोबॅक्टेरियांवर नसतो. त्याची भाकरी पाण्यातून येते.

दुसरी गोष्ट जीवघेणी. निरोगी तपकिरी आणि मेलेल्या पांढऱ्या भागाच्या सीमेवर नारिंगी पट्टा दिसतो, आणि त्याच्या मागचं अंग कुजून, चुरा होऊन गळत असतं. पट्टा पुढे सरकत जातो. क्युरासाओजवळचा सुमारे २.५ मीटर व्यासाचा एक स्पंज १९९० च्या दशकात असाच काही आठवड्यांत गेला. तेव्हा पांढरा भाग दिसला की रंगावर न थांबता कड बघा. नारिंगी सीमा आहे का? पृष्ठभाग टणक की भुसभुशीत? हे दोन प्रश्न पुरतात, आणि दोन्हींची उत्तरं हात न लावता मिळतात.

ओरखडे, चावे, पडझड

अंगावर लहान, उथळ, फिकट खाचा ओळीनं किंवा झुपक्यानं दिसल्या तर त्या बहुधा पॅरटफिशच्या चाव्यांच्या. त्या भरून येतात. सरळ रेषेतला खोल काप मात्र दोराचा किंवा नांगराच्या साखळीचा असण्याची शक्यता जास्त. वादळात किंवा दोरात अडकून आख्खा स्पंज बुंध्यातून निखळलेलाही दिसतो. मोकळा सुटलेला स्पंज वाळूत लोळत जातो आणि बहुतेक वेळा मरतो. फ्लोरिडातल्या संशोधकांनी असे स्पंज जाळी आणि दांड्यांच्या आधारानं खडकाला धरून ठेवण्याची पद्धत बसवली आहे, आणि काही काळानं ते स्वतः पुन्हा चिकटतात. तुम्ही हा प्रयोग करायचा नाही. फोटो आणि जागा डाइव्ह सेंटरला कळवायची.

भाडेकरू

टेस्टुडिनेरियाच्या बाबतीत हा भाग सगळ्यांत मजेचा. कंगोऱ्यांच्या खाचांमध्ये टॉर्च सावकाश फिरवा. गुलाबी-जांभळ्या रंगाचा, अंगभर केस असलेला, जेमतेम दीड सेंटिमीटरचा एक जीव पटकन आत सरकताना दिसेल. हा लॉरिया सियाजियानी, स्क्वॉट लॉब्स्टर. बालीतले गाइड तो शोधण्यात पटाईत असतात. त्यासाठी स्पंजाला काडीनं टोचणारे गाइडही असतात. तेव्हा नको म्हणा. बाहेरच्या भिंतीवर पांढरट, दोऱ्यांच्या गुंत्यासारखे लोंबणारे जीव दिसले तर ते सिनॅप्टुला जातीचे सी-क्युकंबर. स्पंजाच्या अंगावर साठलेलं ते चाटून-पुसून खातात. म्यूटाच्या आत आणि कडेवर गोबी मासे, ठिसूळ तारे (तारामाशांचे नातलग), कोळंब्या असतात. पोकळीत मान घालून बघू नका. वरून, तिरक्या कोनातून टॉर्च टाका.

माप आणि वय

स्लेट स्पंजाशेजारी, त्याच्याच अंतरावर धरून एक फोटो बाजूनं आणि एक वरून घ्या. त्यावरून पाच मापं मिळतात: उंची, बुंध्याचा व्यास, वरचा व्यास, तोंडाचा व्यास आणि पोकळीच्या खोलीचा अंदाज. संशोधक स्पंजाला टोक कापलेला शंकू समजून घनफळ काढतात. शाळेतलं सूत्र आहे: π गुणिले उंची भागिले ३, गुणिले दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि त्यांचा गुणाकार यांची बेरीज.

उदाहरणार्थ, उंची ६० सेंमी, बुंध्याचा व्यास ५० आणि वरचा ४०. त्रिज्या २५ आणि २०. बेरीज ६२५ + ५०० + ४०० = १५२५. घनफळ सुमारे ९६ लिटर. आतली पोकळी ४० सेंमी खोल, तोंडाशी २४ आणि तळाशी १२ सेंमी रुंद धरली तर ती सुमारे साडेदहा लिटर. वजा केली की प्राण्याचं अंग ८५ लिटरच्या आसपास.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: वय किती? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काँक रीफवरच्या १०४ स्पंजांचे साडेचार वर्षांच्या अंतरानं घेतलेले फोटो तुलनेला घेतले होते. घनफळातली वाढ वर्षाला २ टक्क्यांपासून ४०४ टक्क्यांपर्यंत, सरासरी ५२ टक्के. लहान स्पंज झपाट्यानं वाढतात, मोठे रेंगाळतात. या वेगावरून काँक रीफवरचा सर्वांत मोठा स्पंज सुमारे १२७ वर्षांचा निघाला, आणि जुन्या फोटोवरून मोजलेला कॅरिबियनमधला महाकाय नमुना २३०० वर्षांच्या आसपास. तेव्हापासून या स्पंजाला रीफवरचा रेडवुड म्हटलं जातं, अमेरिकेतल्या त्या प्रचंड, दीर्घायुषी झाडावरून.

२३०० हा आकडा बोटीवर सांगायला झकास आहे, पण तो हातचा राखून सांगावा. तो फ्लोरिडातल्या वाढीच्या वेगावरून, त्या वेगाच्या मोजमापाबाहेर जाऊन काढलेला अंदाज आहे. झाडासारखी वर्षवलयं स्पंजात नसतात. शिवाय सरासरी ५२ आणि पल्ला २ ते ४०४ असेल, तर एकाच मापाच्या दोन स्पंजांच्या वयात प्रचंड फरक असू शकतो. म्हणून तुमच्या ८५ लिटरच्या स्पंजापुढे वय लिहू नका. माप लिहा.

एक वेगळी बाजूही नोंदवण्यासारखी. प्रवाळ घटत असताना काँक रीफवर २००० ते २००६ या काळात म्यूटाची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. ही आनंदाची बातमी आहे की रीफचं रूप पालटत असल्याची खूण, यावर वाद घालता येईल. मला दुसरं जास्त पटतं.

पिलावळ: दिसली तर नशीब

या स्पंजांत नर आणि मादी वेगळे असतात, पण बाहेरून ओळखता येत नाहीत. विणीच्या वेळी नराच्या तोंडातून पांढऱ्या धुरासारखं बीज बाहेर येतं आणि मादी चिकट द्रवात गुंडाळलेली अंडी सोडते. अंडी पाण्यापेक्षा जड असल्यानं कडेवरून ओघळून बुंध्याभोवती साचतात. ग्रेट बॅरियर रीफवर टेस्टुडिनेरियाची ही वीण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पौर्णिमेनंतरच्या दिवसांत नोंदली गेली आहे. एखादा स्पंज 'धूर' सोडताना दिसला तर त्याच्यापाशीच गुंतून पडू नका; लगेच शेजारचे तपासा, कारण ते एकाच वेळी सोडतात. वेळ, खोली, पाण्याचं तापमान आणि चंद्राची तिथी लिहून ठेवा. अशा नोंदी थोड्याच आहेत.

वर आल्यावर

नोंद त्याच दिवशी करा, कारण पाण्याखालच्या आठवणी भराभर पुसट होतात. साइटचं नाव, खोली, तापमान, प्रवाह. स्पंजाची पाच मापं. पृष्ठभागाचा प्रकार. पांढरेपणा असल्यास कुठे, किती, नारिंगी कड आहे की नाही. चावे, काप, भाडेकरू. कणांची उचल दिसली का, स्पष्ट की अंधूक.

फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्ग-नोंदींच्या वेबसाइटवर, टाकायचे असतील तर एकाच प्राण्याचे तीन टाका: बाजूनं पूर्ण, वरून तोंड, आणि टॉर्चच्या उजेडात पृष्ठभाग जवळून. एकट्या फोटोवरून स्पंज ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. पक्की ओळख अखेर कंटिकांवर आणि जनुकांवर होते. आणि त्या साइटवर पुन्हा जाण्याची शक्यता असेल तर बाजूचा फोटो काढताना कंपासवरची दिशा आणि शेजारचा एखादा ठळक खडक किंवा प्रवाळ फ्रेममध्ये घ्या. पुढल्या वेळी त्याच दिशेनं, त्याच अंतरावरून, तीच स्लेट धरून फोटो काढलात की दोन्ही शेजारी ठेवून वाढ मोजता येते. काँक रीफवरची मंडळीही मुळात हेच करत आली आहेत.